ऑफिसने चालायला सांगितलं तेव्हा

आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांनी जास्त चालावं म्हणून पहिला कार्यक्रम काढला तो कोविडनंतर, सगळे पुन्हा ऑफिसला येऊ लागल्यावर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम केलेली माणसं परत आली होती. कोणाची कंबर धरलेली, कोणाची मान आखडलेली, आणि वार्षिक तपासणीत साखर आणि रक्तदाब वाढलेले इतके जण निघाले की एचआरला काहीतरी करणं भागच होतं. मी अकाउंट्समध्ये आहे. आमचं सगळं काम बसून. महिनाअखेर आली किंवा जीएसटी भरायची तारीख जवळ आली की सकाळी खुर्चीत बसलेलं माणूस जेवायलाच उठतं, आणि कधी कधी डबाही की-बोर्डशेजारीच उघडतं. पाणी कमी प्यायचं म्हणजे सारखं उठावं लागत नाही, हे आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीही पहिल्या महिन्यातच शिकतात. म्हणून हा कार्यक्रम आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आजही वाटतं. पण तो जसा सुरू झाला आणि पुढे जसा झाला, त्यात फार अंतर आहे, आणि ते अंतर सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आमचं ऑफिस यशवंतपूरला. मिरज-सांगलीकडच्या लोकांना हे नाव रेल्वेमुळे ठाऊक असतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येणारे आमचे पाहुणे बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता इथेच उतरतात. जवळच मार्केट यार्ड आहे, तिथे महाराष्ट्रातला कांदा ट्रकने येतो. एका अंगाला तुमकुरू रस्ता; तोच पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्या-मुंबईला जातो. दुसऱ्या अंगाला भारतीय विज्ञान संस्थेची दाट झाडी. मी मत्तीकेरेला राहते. माझे सासरे, अण्णा, किर्लोस्कर इलेक्ट्रिकमध्ये होते. ती कंपनी १९४६ साली बेंगळुरूत सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने अण्णा इकडे आले आणि आमचं घर इकडचंच झालं.

कार्यक्रमाची आखणी अशी होती: प्रत्येकाने मोबाईलवर एक अॅप घ्यायचं, पाच-पाच जणांच्या टीम करायच्या, आणि रोज माणशी दहा हजार पावलं. तीन महिन्यांची स्पर्धा. जिंकणाऱ्या टीमला स्मार्ट घड्याळं आणि खरेदीची कुपनं. कॅन्टीनमध्ये एक मोठा स्क्रीन लावला होता, त्यावर रोज सगळ्यांची नावं क्रमाने यायची.

सुरुवातीचे दिवस खरंच छान गेले. चौथ्या मजल्यावरची माणसं आम्हाला पहिल्यांदा दिसली. आमच्या टीममध्ये धारवाडचा एक मुलगा होता, तो रोज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन ‘बन्नी मेडम’, म्हणजे ‘या मॅडम’, म्हणायचा आणि आम्ही इमारतीला फेऱ्या मारायचो. त्याच्या घरचे प्रश्न, माझ्या मुलीची बारावी, बदल्यांच्या बातम्या, सगळं त्या फेऱ्यांमध्ये बोलून झालं. एका कंपनीत वर्षानुवर्षं काम करूनही एकमेकांना न ओळखणारी माणसं त्या दिवसांत ओळखीची झाली. त्याचं श्रेय त्या कार्यक्रमाला द्यायलाच हवं.

पण स्क्रीनवर वर कोण होतं? जे आधीपासूनच धावत होते ते. बेंगळुरूत २००८ पासून दहा किलोमीटरची मोठी शर्यत होते, आज तिला टीसीएसचं नाव आहे. आमच्या ऑफिसातली काही तरुण मुलं तिची तयारी वर्षभर करतात. त्यांची दहा हजार पावलं ऑफिसला येण्याआधीच झालेली असायची. आणि सगळ्यांत खाली कोण होतं? माझ्याच विभागातली, पन्नाशी ओलांडलेली माझी मैत्रीण. तिला मधुमेह, गुडघे दुखतात, जिना उतरताना ती कठडा धरते. खरं तर हा कार्यक्रम तिच्यासाठीच होता. तिने प्रामाणिकपणे चालून पाहिलं, पण तिचं नाव त्या स्क्रीनच्या तळाशीच राहिलं. काही दिवसांनी ती कॅन्टीनला येईनाशी झाली. डबा टेबलावरच खाऊ लागली. कारण विचारलं तर म्हणाली, “तो स्क्रीन समोर असताना घास उतरत नाही गं.” तिला हलतं करायला आणलेल्या योजनेने तिला होती तेवढीही हालचाल सोडायला लावली. हे मला आजही लागतं.

दुसरी अडचण वेळेची. ही दहा हजार पावलं चालायची कधी? कंपनीचं उत्तर होतं, ‘तुमच्या सोयीने’. सकाळी डबे, मुलांची शाळा, मग मेट्रोची गर्दी. संध्याकाळी ऑफिसातून निघेपर्यंत अंधार. यशवंतपूरच्या रस्त्यांवर अंधारात चालून पाहिलेल्या कोणालाही ‘सोय’ हा शब्द तिथे का बसत नाही ते कळेल. फूटपाथ मध्येच संपतो, मध्येच ट्रान्सफॉर्मर, मध्येच दुचाकी चढलेल्या. यार्डाच्या बाजूला ट्रकांची रांग आणि धूळ. मत्तीकेरेचा जे. पी. पार्क सुंदर आहे, सँकी तलावाकाठचा रस्ताही, पण तिथवर पोचून, चालून, घरी येऊन स्वयंपाक करायचा तर झोपेतूनच वेळ काढावा लागतो. आणि तसंच झालं. कितीतरी बायका रात्री अकराला आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करत होत्या. कोणी मोबाईल मुलाच्या खिशात घालून त्याला खेळायला पाठवत होतं. त्यांना मी दोष देत नाही. टीममधल्या इतर चौघांचा आकडा आपल्यामुळे खाली येतो, हे ओझं वाईट असतं.

तेव्हा मी या विषयावर वाचायला लागले, आणि दोन गोष्टी कळल्यावर मन बरंच शांत झालं.

पहिली दहा हजारांची. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघाला असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात १९६५ च्या सुमाराला, टोकियो ऑलिंपिकनंतर, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. गोल आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या हजारो स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि हा फायदा साधारण साडेसात हजारांपर्यंत वाढून तिथे थांबला. मी हे मैत्रिणीला दाखवलं. तिच्या मोबाईलवर रोज चार हजारांच्या आसपास आकडा दिसायचा. स्क्रीनवर ती नापास होती. या अभ्यासाच्या हिशेबाने ती चांगल्या वाटेवर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही पावलांबद्दल नाहीत. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल, आणि बसणं जमेल तेवढं कमी, असं त्या सांगतात. आणि अगदीच काही न करण्यापेक्षा थोडंही बरं, हेही स्पष्ट सांगतात.

दुसरी गोष्ट अशा कार्यक्रमांबद्दलचीच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले: एका गटाला आरोग्य कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नाही. वर्षभराने पाहिलं तर दवाखान्याच्या खर्चात आणि हजेरीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. उलट असं दिसलं की कार्यक्रमात आपणहून भाग घेणारे मुळातच निरोगी आणि व्यायाम करणारे होते. एका मोठ्या दुकान-साखळीत शंभरावर ठिकाणी झालेल्या अभ्यासातही तसंच: व्यायाम करतो असं सांगणारे वाढले, पण रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल यांत दीड वर्षात फरक पडला नाही. आमच्या कॅन्टीनमधल्या स्क्रीनचा अर्थ मला तेव्हा लागला.

स्पर्धा संपल्यावर एचआरने बैठक घेतली. आमच्या एचआरमधली मुलगी समजूतदार आहे, तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. महिन्यातून एकदा ऑफिसात फिजिओथेरपिस्ट येतात, त्याही होत्या. त्या म्हणाल्या, “संध्याकाळी चालणं चांगलंच, पण दिवसभराचं सलग बसणंही कमी व्हायला हवं. ते मधे मोडायला हवं. मला ऑफिसच्या वेळेतली दहा मिनिटं द्या.” ऑफिसच्या वेळेतली, हे त्यांनी दोनदा म्हटलं. मलाही तेच म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते दिसायला लहान आहे. दुपारी तीन ते तीन दहा या वेळेत कोणतीही मीटिंग लावता येणार नाही अशी व्यवस्था कॅलेंडरमध्येच केली. तासाच्या मीटिंगा पन्नास मिनिटांच्या केल्या. जिन्यातले बंद पडलेले दिवे बदलले, तिथे पडलेली जुनी खोकी हलवली, रोज झाडलोट होऊ लागली. याआधी आमचा जिना म्हणजे आग लागली तरच आठवायची जागा होती. आता दोन मजले चढायला लोक लिफ्टची वाट पाहत नाहीत. पाण्याचे कूलर विभागाच्या टोकाला नेले. स्क्रीन काढला. अॅप ज्याला हवं त्याने आपल्यापुरतं ठेवावं, आकडे कोणालाही दिसणार नाहीत.

तीनच्या त्या दहा मिनिटांत काही जण चालतात, काही जण कॉन्फरन्स रूममध्ये उभ्याने ताण देतात. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने नोकरदारांसाठी ‘वाय-ब्रेक’ नावाचा पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला आहे. २०२१ मध्ये त्याचं अॅप आलं आणि सरकारी कार्यालयांनाही त्याचा वापर वाढवण्याबद्दल पत्र गेलं. ताडासन, खांदे फिरवणं, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, शेवटी श्वास. साडीवर, शर्ट-पँटवर, खुर्चीशेजारी करता येईल एवढंच. आम्ही त्यातलंच घेतलं. माझी मैत्रीण खुर्चीची पाठ धरून करते आणि कोणी तिच्याकडे बघत नाही.

तरीही पहिल्या महिनाअखेरीला कोणी उठलं नाही. तीन वाजले, सूचना वाजली, सगळ्यांनी ती बंद केली. आमचे विभागप्रमुख बसून होते, त्यांच्यासमोर कोण उठणार? एचआरच्या मुलीने त्यांच्याशी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला बरोबर तीनला ते स्वतः उठले, लॅपटॉप मिटला आणि “चला” म्हणाले. त्या दिवसापासून विभाग उठतो. इतक्या योजना, अॅपं, बक्षिसं पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की खुर्चीला खिळलेल्या माणसाला उठवण्याची सगळ्यांत मोठी ताकद त्याच्या वरिष्ठाच्या उठण्यात आहे. प्रोत्साहन आम्हाला भरपूर मिळालं होतं, मुभा मिळत नव्हती.

घरी हे सांगितलं तेव्हा अण्णांना नवल वाटलं नाही. त्यांचं बालपण औंध संस्थानात गेलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते संस्थानच्या शाळांमध्ये सुरू केले. त्या विषयावरचं त्यांचं एक इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघालं. अण्णा म्हणाले, “अगं, आम्हाला नमस्कार घरून घालून या असं कोणी सांगितलं नाही. शाळेच्या वेळात, शाळेच्या पटांगणात, आणि मास्तरही आमच्याबरोबर. म्हणून झाले.” किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानात, कारखान्याभोवती १९१० साली वसलेली. कामाच्या जागेला धरून माणसांच्या राहण्याचा, शिक्षणाचा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. काचेच्या इमारतीत आल्यावर तो नव्याने परदेशातून शिकायची गरज नाही.

आता मला ज्याची सर्वांत जास्त तळमळ आहे त्याबद्दल.

आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या अक्का सकाळी सातला येतात. बादली, पोछा, कप, कचऱ्याच्या पिशव्या, पुन्हा पोछा. त्या कंत्राटदाराकडच्या, म्हणून अॅपच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. असतं तर त्या रोज पहिल्या आल्या असत्या. एकदा तीन वाजता आम्ही हात वर करून ताण देत होतो आणि त्या दाराशी पोछा घेऊन थांबल्या होत्या. मी म्हटलं, “अक्का, तुम्हीही या.” त्या म्हणाल्या, “मेडम, मला हे नको. मला दहा मिनिटं बसायला जागा द्या.” बायकांच्या टॉयलेटबाहेर जिन्याच्या वळणावर, एका उलट्या बादलीवर त्या जेवत होत्या, हे मला तेव्हा समजलं. खाली गेटवरचा गार्ड बारा तास उभा असायचा. त्याला खुर्ची नव्हती, कारण बसलेला गार्ड बरा दिसत नाही असं कोणीतरी ठरवलं होतं.

मग मी कायदा वाचला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात, ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांना बसण्याची सोय असली पाहिजे, संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता आलं पाहिजे, असं स्पष्ट होतं. पण तो कारखान्यांपुरता होता. दुकानांमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी केरळमध्ये कोळीकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला.

हे वाचताना एक प्रश्न सारखा पडत होता. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांवर जो प्रसिद्ध अभ्यास छापला, त्यात दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या पायऱ्या चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी दिसला होता. मग अक्का आणि यार्डातले हमाल तर आमच्यापेक्षा कितीतरी निरोगी हवेत? तसं नाही. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमान यांनी यावर बरंच काम केलं आहे. मोकळ्या वेळेतली हालचाल शरीराला घडवते, पण तासन् तास चालणारं, विश्रांतीशिवायचं, ओझ्याचं काम हृदयाला तसा फायदा देत नाही, कधी उलट थकवतं, असं त्यातून दिसतं. पावलं तीच, पण थांबायचं कधी हे ज्याच्या हातात नाही त्याच्यासाठी ती व्यायाम ठरत नाहीत. सकाळी ऑफिसला येताना यार्डाच्या रस्त्याने आले तर पाठीवर कांद्याची पोती घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरणारी माणसं दिसतात. महाराष्ट्रात अशाच माणसांसाठी बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली माथाडी कायदा झाला. कष्टकऱ्याच्या आरोग्याची सुरुवात पोत्याचं वजन, कामाचे तास आणि स्वस्त पोटभर जेवण इथून होते, हे त्या चळवळीने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ चालवून दाखवलं आहे.

आमच्याकडे यासाठी बरीच पत्रं लिहावी लागली. कंत्राटदार म्हणे कंपनीने जागा द्यावी, कंपनी म्हणे माणसं कंत्राटदाराची. शेवटी एचआरच्या त्याच मुलीने आरोग्य कार्यक्रमाच्या पैशांतून, म्हणजे बक्षिसांच्या घड्याळांच्या पैशांतून, तळमजल्यावरची एक खोली रिकामी करून घेतली. तिथे बाकं, पंखा, पिण्याचं पाणी आणि कुलपाची कपाटं आहेत. गार्डला उंच स्टूल मिळालं. वार्षिक तपासणीच्या यादीत कंत्राटी माणसांची नावं आली. पहिल्याच तपासणीत अक्कांचं रक्त फार कमी निघालं. त्याआधी कोणी तपासलंच नव्हतं.

या सगळ्याने आमच्या ऑफिसचं आरोग्य बदललं असा दावा मी करणार नाही. मैत्रिणीची साखर उतरली आहे, पण तिचं औषधही बदललं होतं. माझी कंबर कमी दुखते, आणि महिनाअखेर पूर्वीइतकीच जड असते. ती तशी राहील तोवर दहा मिनिटं पुरणार नाहीत, माणसं वाढवावी लागतील, हे मी दर बैठकीत सांगते.

तुमच्या ऑफिसात असा कार्यक्रम येत असेल तर त्याला नाही म्हणू नका. फक्त पहिल्याच बैठकीत उठून विचारा की ही मिनिटं कामाच्या वेळेतली आहेत का, साहेब आमच्याबरोबर उठणार आहेत का, आणि सफाईच्या ताई व दारावरचा गार्ड यांची नावं यादीत आहेत का. तिन्हींची उत्तरं लेखी मागा.